कर्ता नसलेली वाक्ये

मराठी बातम्यांत काही वाक्ये रोज भेटतात. ‘राजकीय वर्तुळात खळबळ उडाली आहे.’ ‘चर्चांना उधाण आले आहे.’ ‘संशयाची सुई अमक्याकडे वळली आहे.’ ‘सूत्रांकडून समजते.’ ‘असे बोलले जात आहे.’ शाळेत वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतात. तसा तो इथे शोधू गेलो तर व्याकरणापुरता सापडतोही: खळबळ उडते, उधाण येते, सुई वळते. पण खळबळ कोणी उडवली, चर्चा कोण करते आहे, सुई कोणाच्या हाताने वळली, हे वाक्य सांगत नाही. माणूस तेवढा गाळलेला असतो. प्रसिद्ध व्यक्ती आणि राजकीय वाद यांच्या वार्तांकनाकडे संशयाने पाहायचे तर नेमके कुठे पाहायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि मला वाटते सुरुवात या गाळलेल्या माणसापासून करावी. माध्यमे खोटे बोलतात, विकली गेली आहेत, सवंग झाली आहेत, ही तक्रार चहाच्या टपरीपासून विद्यापीठातल्या परिसंवादापर्यंत सगळीकडे ऐकू येते. ती निराधार नाही, पण अपुरी आहे. उघड खोटी बातमी आज ना उद्या पकडली जाते. कर्ता गाळलेली बातमी पकडता येत नाही, कारण खोटे ठरवता येईल असे विधानच तिने केलेले नसते. आणि ज्या वाक्याची जबाबदारी कोणाची नाही, त्याचे पुढे काय झाले हे सांगण्याची जबाबदारीही कोणाची उरत नाही. आरोप महिनोन्‌महिने गाजतो आणि निकाल दोन ओळींत आटोपतो, याचे मूळ मला इथे दिसते.

उदाहरण जवळचे आणि सगळ्यांनी पाहिलेले घेऊ. १४ जून २०२० रोजी अभिनेता सुशांतसिंह राजपूत वांद्र्यातल्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळला. मुंबई पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद करून चौकशी सुरू केली. जुलैच्या अखेरीस त्याच्या वडिलांच्या तक्रारीवरून पाटण्यात गुन्हा दाखल झाला. त्यात अभिनेत्री रिया चक्रवर्ती हिच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप होता. मग ईडी आली. १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयच्या तपासावर शिक्कामोर्तब केले आणि पाठोपाठ अमली पदार्थांच्या संशयावरून एनसीबीही उतरली. एका मृत्यूमागे तीन केंद्रीय यंत्रणा लागल्या. ८ सप्टेंबरला एनसीबीने रियाला अटक केली. ती २८ दिवस भायखळ्याच्या तुरुंगात राहिली आणि ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याआधी काही दिवस ‘एम्स’च्या वैद्यकीय पथकाने खुनाची शक्यता फेटाळली होती. एवढ्या या घटना. पण त्या तीन-चार महिन्यांत पडद्यावर जे चालले होते ते या घटनांचे वार्तांकन नव्हतेच. खासगी व्हॉट्‌सअ‍ॅप संभाषणांचे तुकडे लाल वर्तुळे काढून, बाण मारून दाखवले जात होते. एका मेसेजमध्ये ‘मी निघते’ अशा अर्थाचा इंग्रजी बोलीतला शब्दप्रयोग होता, त्यातल्या ‘बाउन्स’ या शब्दावरून चेक बाउन्स झाल्याचा अर्थ चर्चेत गंभीरपणे काढला गेला. रिया बंगाली, म्हणून जादूटोण्याच्या गोष्टी निघाल्या. तिच्या इमारतीत शिरणाऱ्या पोस्टमनला आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांना बूम घेऊन गाठले गेले.

६ सप्टेंबरचे दृश्य अनेकांना आठवत असेल. बॅलार्ड इस्टेटमधल्या एनसीबी कार्यालयाच्या दाराशी मास्क लावलेली एक तरुणी आणि तिच्यावर चहूबाजूंनी तुटून पडलेले कॅमेरे. दारापर्यंतची काही पावले तिला अक्षरशः रेटारेटीतून वाट काढत जावे लागले. कोणाला उत्तर हवे होते असे ते दृश्य पाहून वाटत नाही. त्या गर्दीत प्रश्न ऐकू येणेच अशक्य होते. त्याच दिवशी देशात पहिल्यांदा एका दिवसात ९० हजारांहून अधिक नव्या करोनारुग्णांची नोंद झाली, आणि सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. आदल्या सोमवारी, ३१ ऑगस्टला, पहिल्या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकुंचन पावल्याचा आकडा जाहीर झाला होता. कोणत्या बातमीला किती वेळ द्यायचा हा संपादकीय निर्णय असतो आणि त्याबद्दल मतभेद असू शकतात, हे मान्य. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो एक न विचारलेला प्रश्न. तपासयंत्रणेच्या ताब्यात असलेल्या फोनमधली संभाषणे वाहिन्यांपर्यंत पोहोचली कशी? ती कोणी दिली, कोणत्या अधिकारात दिली, नेमका तोच तुकडा का दिला? शोधपत्रकारितेचा खरा विषय हा होता. पण ज्याच्याकडून माल येतो त्याच्याविषयी बातमी करायची नसते, म्हणून देणारा ‘सूत्र’ झाला. आणि सूत्र झाला की त्याचा हेतू, त्याचे पद, त्याचा लाभ हे सगळे बातमीतून निघून गेले.

या वार्तांकनाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. एका याचिकेत महाराष्ट्राचे निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी होते. १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी अडीचशे पानांचा निकाल दिला. तपास चालू असताना माध्यमांनी चालवलेला समांतर खटला न्यायदानात हस्तक्षेप करतो, असे त्यांनी म्हटले आणि दोन वाहिन्यांचे काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे नोंदवले. कारवाई मात्र केली नाही. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला दुबळ्या मनाचा ठरवू नये, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवू नये, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा प्रसिद्ध करू नये, अशा सूचना त्यात आहेत. हा निकाल मराठी पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात शब्दशः वाचला जावा असा आहे. याच प्रकरणात वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने एका मोठ्या हिंदी वाहिनीला एक लाख रुपये दंड केला आणि माफी मागायला सांगितले. त्या वाहिनीने सुशांतची म्हणून दाखवलेली अखेरची ट्वीट बनावट होती. म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेली वाक्ये घातली गेली होती. हे पकडता आले, कारण इथे एक ठाम विधान होते आणि ते तपासता येत होते. बाकीच्या शेकडो तासांचे कार्यक्रम प्रश्नचिन्हाच्या आड सुरक्षित राहिले. ‘रियाने पैसे लुटले’ असे लिहिले तर पुरावा द्यावा लागतो. ‘रियाने पैसे लुटले?’ असे लिहिले की काम भागते. वाचणाऱ्याच्या मनावर दोन्हींचा ठसा जवळजवळ सारखाच उमटतो, आणि दुसऱ्यात लिहिणाऱ्यावर काहीच येत नाही.

पुढच्याच वर्षी हेच पुन्हा घडले. २ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर एनसीबीने छापा घातला आणि दुसऱ्या दिवशी शाहरुख खानच्या मुलाला, आर्यनला, अटक झाली. जवळपास महिनाभर तो कोठडीत आणि आर्थर रोड तुरुंगात होता. २७ मे २०२२ रोजी एनसीबीने आरोपपत्र दाखल केले त्यात पुरेशा पुराव्याअभावी त्याचे नाव नव्हते. या दोन तारखांच्या दरम्यान केवढी प्रश्नचिन्हे खर्ची पडली, हे त्या काळातल्या मथळ्यांवर नजर टाकली तरी कळते.

राजकीय वार्तांकनात कर्ता वेगळ्या रीतीने हरवतो. तिथे माणसे भरपूर असतात, रोज सकाळी माईकसमोर उभी असतात, पण बातमी त्यांच्या कृतीची होत नाही. ती त्यांच्या बोलण्याची होते. ‘घणाघात’, ‘पलटवार’, ‘जिव्हारी लागणारी टीका’, ‘सडेतोड उत्तर’: सगळी क्रियापदे तोंडाची आहेत. जून २०२२ मध्ये बंडखोर एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. त्या दहा दिवसांतून महाराष्ट्राच्या लक्षात काय राहिले? आमदार शहाजीबापू पाटलांचे फोनवरचे ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’. त्यांच्या बोलीतला गोडवा खरा आहे, लोकांना ते आवडले यात गैर काही नाही. पण त्याच काळात उभा राहिलेला प्रश्न घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा होता: पक्ष म्हणजे विधिमंडळातले आमदार की बाहेरची संघटना, प्रतोद कोण नेमतो, राज्यपालांनी बहुमत चाचणी कधी सांगावी. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणीचा आदेश देणे समर्थनीय नव्हते, पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची स्थिती पुन्हा आणता येणार नाही. राज्यपाल हा इथे स्पष्ट कर्ता आहे, त्याची कृती स्पष्ट आहे, तिच्यावरचा निर्णयही आहे. तरीही निकालाच्या दिवशी ‘कोणाला दिलासा, कोणाला धक्का’ या चौकटीतच तो बसवला गेला. दिलासा आणि धक्का यांत राज्यपालांना कुठे जागाच नव्हती.

पाली हिलवरच्या कंगना रनौत यांच्या कार्यालयाचे प्रकरणही असेच. ९ सप्टेंबर २०२० रोजी महापालिकेने त्या बांधकामाचा भाग पाडला. पडद्यावर ते शिवसेना विरुद्ध कंगना असे भांडण होते, आणि पाहणाऱ्याने बाजू घ्यायची होती. ज्यांना त्यांची वक्तव्ये संतापजनक वाटत होती त्यांना पाडकाम योग्य वाटले, ज्यांना शिवसेना नकोशी होती त्यांना त्या वीरांगना वाटल्या. खरा प्रश्न साधा होता: चोवीस तासांची नोटीस देऊन महापालिका असे पाडू शकते का? २७ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने नोटीस रद्द केली आणि कारवाई द्वेषबुद्धीने झाल्याचे म्हटले. पुढाऱ्यांची दोन आणि कलाकारांची दोन वाक्ये समोरासमोर ठेवून ‘संतुलित’ बातमी होते, या समजुतीने महापालिकेचा सही करणारा हात चौकटीबाहेर राहिला. तो प्रश्न कंगना यांच्याइतकाच मुंबईतल्या प्रत्येक भाडेकरूचा आणि झोपडीधारकाचा होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे नवे नाही, वृत्तपत्रे पूर्वीपासून अशीच होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपी नौदल अधिकाऱ्याची उघड बाजू घेतली होती आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले होते. उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला ठेवून जन्मठेप दिली. म्हणजे माध्यमांचा खटला तेव्हाही होता. हे खरे आहे. पण ‘ब्लिट्झ’ची बाजू रुसी करंजिया या संपादकाच्या नावाची बाजू होती. तिच्याशी भांडता येत होते. त्याहून मागचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. १८८१ साली नुकत्याच निघालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचे आरोप छापले. रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. पुराव्यादाखल मिळालेली पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी फिर्याद केली. आगरकर आणि टिळक या दोघा संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. आपण ही गोष्ट देशभक्तीची म्हणून सांगतो आणि तिच्यातली पत्रकारितेची बाजू सोडून देतो. त्यांची कळकळ खरी होती. महाराजांची अवस्था वाईटच होती, १८८३ मध्ये अहमदनगरला पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर ते वारले. तरीही पत्रे खोटी होती आणि ती छापणे ही चूक होती. कळकळ असली की कागद तपासायची गरज नाही असे होत नाही, हे त्या दोघांनी तुरुंगात जाऊन मान्य केले. वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी आपल्या वाक्याचा कर्ता होण्याची किंमत दिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पत्रकारच करतील. सूत्राचे नाव सांगा असा हट्ट धरला तर सत्तेविरुद्ध कोणीच बोलणार नाही. माध्यमांवरचा अविश्वास हे आज सत्ताधाऱ्यांचे आवडते हत्यार आहे, आणि हे पुस्तक त्यांच्या हातात आणखी एक काठी देईल. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. सूत्राचे नाव लपवणे हे पत्रकाराचे कर्तव्यच असते. पण सूत्राचे नाव लपवणे वेगळे आणि सूत्राच्या खांद्यावर बातमीची जबाबदारी टाकणे वेगळे. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टविषयी लिहिले. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते. बिल्डरांकडून ट्रस्टला देणग्या आणि त्याच्या मोबदल्यात सिमेंटचा कोटा, असा तो आरोप होता. आतली कागदपत्रे शौरींच्या हाती कोणी दिली हे वाचकाला कळण्याची गरज नव्हती. बातमीखाली शौरींचे नाव होते, बातमीत रकमा होत्या, देणारे होते, घेणारा होता. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुल्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटल्याची पुढची वाटचाल लांबलचक आहे, तिच्यात इथे शिरत नाही. सांगायचे ते एवढेच की सत्तेला जे खरोखर बोचते ते असे लिहिलेले असते. ‘मुख्यमंत्र्यांवर संशयाची सुई’ या मथळ्याने आजवर कोणाची खुर्ची हलल्याचे मला दिसत नाही. उलट अशा मथळ्यांची सवय झालेला वाचक खऱ्या शोधबातमीलाही ‘चालायचंच’ म्हणून बाजूला सारतो. त्यामुळे सत्ताधाऱ्यांच्या हाती काठी देण्याचे काम हे वार्तांकन स्वतःच करते आहे.

कर्ता गाळण्याचा एक सरळ विक्रीचा प्रकारही महाराष्ट्राने पाहिला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एकच लेख तीन स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. तीन संपादकांना एकाच शब्दांत एकच विचार सुचत नाही. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घरोघरी पोहोचला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल तयार केला, त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने तो अहवाल पूर्ण स्वरूपात लोकांसमोर ठेवला नाही, त्यासाठी २०११ मध्ये माहिती आयोगाचा आदेश लागला. बातमीतला कर्ता लपवल्याच्या चौकशीतसुद्धा कर्ता लपवला गेला, ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुःखद वाटते.

‘लोकांना हेच हवे असते’ हे उत्तर आता पाठ झाले आहे. ते देणाऱ्यांनी ‘लोक’ हा कर्ताही जरा उलगडून पाहावा. २०२० मध्ये देशभरातल्या टीव्ही पाहणाऱ्यांचा कल सुमारे ४४ हजार घरांतल्या मीटरवरून ठरत होता. वृत्तवाहिन्यांचा त्यातला वाटा मुळातच लहान, त्यामुळे थोड्या घरांतला फरकही क्रमवारी उलटवू शकत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडेच थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ पर्यंत. त्या दीड वर्षात लोकांना काय हवे हे मोजायला हे माप नव्हते, तरी पडद्यावरची भाषा काही शांत झाली नाही. आर्यन खानचे प्रकरण याच काळातले आहे. याचा अर्थ आकडा हे एकमेव कारण नाही. सहा चौकटींत सहा पाहुणे बसवून तासभर चालवलेली चर्चा ही वार्ताहर जिल्ह्यात पाठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे त्याहून टिकाऊ कारण आहे. जिथे ठाम विधानासाठी माणूस, प्रवास आणि वकील लागतो तिथे प्रश्नचिन्ह फुकट मिळते. प्रेक्षकाला मी दोषमुक्त करत नाही. तोही तो तुकडा कौटुंबिक ग्रुपवर ‘खरं की खोटं माहीत नाही, पण आलंय’ म्हणून पुढे पाठवतो, आणि तेही एक कर्ता नसलेलेच वाक्य असते.

प्रसिद्धीवर जगणाऱ्यांनी प्रसिद्धीचा त्रास सोसावा, असेही म्हटले जाते. विमानतळावरचे फोटो आधीच ठरवून निघतात, हे कोणाला ठाऊक नाही? कलाकाराने स्वतः विकायला काढलेल्या आयुष्याविषयी माझी तक्रार नाही. पण बिल्डिंगच्या वॉचमनने, पोस्टमनने, कलाकाराच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाने काहीच विकायला काढलेले नव्हते.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयने सुशांतसिंह प्रकरणात दोन अहवाल न्यायालयांत दाखल केले. एक पाटण्यात, वडिलांच्या तक्रारीवरचा. दुसरा मुंबईत, रियाने त्याच्या बहिणींविरुद्ध केलेल्या तक्रारीवरचा. दोन्हींत तपास बंद करण्याची शिफारस होती. ‘सीबीआयने अहवाल दाखल केला’ या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, तारीख आहे. २०२० च्या पावसाळ्यात रोज रात्री नऊ वाजता ऐकलेले ‘संशयाची सुई रियाकडे’ हे वाक्य त्याच्या शेजारी ठेवावे. या दोन वाक्यांमधल्या साडेचार-पाच वर्षांत कोणी काय लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले आणि कोणी पुढे खाडाखोड केली, याचा शोध पुढच्या पानांपासून सुरू होतो.